निळा डाग गायब होतोय: घरी बांधलेल्या विमानांच्या इंधन टाक्या आणि शिसेमुक्त इंधनाचा प्रश्न

छोटं विमान उडवणारा कोणताही अनुभवी माणूस उड्डाणाआधी पंखाखाली वाकून एक गोष्ट हमखास बघतो: पत्र्यावर कुठे निळा डाग पडलाय का? पिस्टन इंजिनाच्या विमानांत गेली अनेक दशकं जे पेट्रोल वापरलं जातं, त्या '१०० एलएल'चा रंग निळा असतो. टाकीच्या एखाद्या रिव्हेटपाशी थेंब पाझरला की पेट्रोल उडून जातं आणि निळसर डाग मागे राहतो. गळती शोधण्याची यापेक्षा स्वस्त युक्ती नाही.

आता हे इंधनच जायच्या वाटेवर आहे. त्यात शिसं आहे आणि शिसं विषारी आहे, त्यामुळे ते जायलाच हवं, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो त्याच्या जागी काय येणार आणि ते जुन्या टाक्यांना सोसेल का, यावर. कंपनीत तयार झालेल्या विमानांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर देणारं कुणीतरी असतं. उत्पादक असतो, प्रमाणपत्र देणारी यंत्रणा असते. पण ज्या विमानाची टाकी कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, हातात सीलंटचा डबा घेऊन बनवली, त्याचं उत्तर कोण देणार?

आजचा विषय तोच आहे.

घरी विमान बांधतात म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. तिथल्या नियमांत 'एक्सपेरिमेंटल, अॅमॅच्युअर-बिल्ट' असा स्वतंत्र वर्ग आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं असावं, ही त्यातली मुख्य अट. बोलीभाषेत याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात भरणाऱ्या विमानजत्रेत अशी विमानं रांगेने उभी असतात.

बहुतेक लोक शून्यापासून सुरुवात करत नाहीत, ते किट विकत घेतात. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे ऑरेगन राज्यातली 'वॅन्स एअरक्राफ्ट' ही कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी ती १९७३ मध्ये सुरू केली. तिच्या 'आरव्ही' मालिकेतली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर बांधून उडवली गेली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा अर्धवट बांधलेली विमानं घेऊन बसलेल्या हजारो लोकांची झोप उडाली होती. पुढच्या वर्षी कंपनी त्यातून बाहेर आली.

विमान बांधून झालं की सरकारी तपासणी होते आणि मग साधारण २५ ते ४० तास ठरावीक हद्दीतच चाचणी उड्डाणं करावी लागतात. त्यानंतर दरवर्षी एकदा सर्वंकष तपासणी. ज्याने विमान बांधलं त्याला त्याच विमानापुरतं एक प्रमाणपत्र मिळतं आणि तो ही तपासणी स्वतः करू शकतो. मात्र विमान विकलं की हे प्रमाणपत्र त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

टाकी कशी बनते?

मोटारसायकलची टाकी हा एक वेगळा डबा असतो. छोट्या विमानांत बहुतेक वेळा तसं नसतं. आरव्हीसारख्या अॅल्युमिनियमच्या विमानात पंखाचा पुढचा गोलाकार भाग हीच टाकी. आरव्ही-७ मध्ये दोन्ही पंखांतल्या टाक्या मिळून ४२ गॅलन, म्हणजे सुमारे १५९ लिटर पेट्रोल मावतं. पत्रे आणि आतल्या आडव्या फासळ्या शेकडो रिव्हेटनी जोडलेल्या असतात. यातला प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक कोपरा गळू शकतो. म्हणून जोडणी करतानाच पॉलिसल्फाइड नावाच्या रबरासारख्या सीलंटचा थर द्यावा लागतो. काळपट, चिकट आणि उग्र वासाचा हा पदार्थ मिसळल्यावर थोड्याच वेळात घट्ट होऊ लागतो. त्यामुळे घाई होते, हात बरबटतात आणि कुठेतरी एखादी फट राहून जाते. विमान बांधणाऱ्यांना विचारा, सगळ्यात नकोसं काम कोणतं? दहातले आठ जण टाकीचंच नाव घेतील.

दुसरा प्रकार फायबरग्लासच्या विमानांचा. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी आराखड्यात टाक्या कापड आणि इपॉक्सी रेझिनच्या थरांनीच बनतात. तिथे प्रश्न रिव्हेटचा नसून रेझिनचा असतो. कोणत्या प्रकारचं रेझिन वापरलं, मिश्रणाचं प्रमाण बरोबर होतं का, ते नीट पक्कं झालं का, यावर ती टाकी कोणतं इंधन सोसेल हे ठरतं.

तिसरा प्रकार वेगळ्या टाकीचा: वेल्ड केलेली अॅल्युमिनियमची, प्लॅस्टिकची किंवा रबराच्या पिशवीसारखी.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. इंधन फक्त धातूला लागत नाही. ते सीलंटला, झाकणाच्या ओ-रिंगला, होजला, व्हॉल्व्हच्या सीलला, फ्लोटला आणि रेझिनलाही सतत भिजवत असतं. इंधन बदललं की या सगळ्यांची परीक्षा नव्याने सुरू होते.

मग शिसं काढायचं कशाला?

रस्त्यावरच्या गाड्यांसाठी भारतात २००० साली शिसंवालं पेट्रोल बंद झालं. जगात शेवटी उरला होता अल्जीरिया, तिथेही २०२१ मध्ये ते संपलं. विमानांत मात्र ते टिकून राहिलं. १०० एलएलच्या प्रत्येक लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके बसू नयेत, म्हणजेच ऑक्टेन वाढावा, यासाठी टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग त्यात घालतात.

अमेरिकेत हवेत जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ७० टक्के वाटा अशा विमानांचा आहे, असं तिथली पर्यावरण संस्था ईपीए सांगते. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीने केलेल्या अभ्यासात रीड-हिलव्ह्यू विमानतळाच्या अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त आढळलं. हा अभ्यास २०२१ मध्ये समोर आला आणि १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने आपल्या विमानतळांवर शिसंवालं इंधन विकणं थांबवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ईपीएने या प्रदूषणामुळे आरोग्याला धोका असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं.

पुढची तारीखही ठरलेली आहे. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए आणि उद्योग यांनी मिळून २०३० च्या अखेरीपर्यंत शिसं संपवण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०३१ पासून असं इंधन विकायला बंदी घातली आहे. युरोपीय संघात १ मे २०२५ नंतर टेट्राइथाइल लेड वापरायला खास परवानगी लागते.

थोडक्यात, शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्ताचा प्रश्न आहे. 'आमची टाकी जुनी आहे, राहू द्या' एवढं म्हणून तो सुटणार नाही.

कॅलिफोर्नियात काय झालं?

शिसं काढून १०० ऑक्टेन गाठायचा तर दुसरं काहीतरी घालावं लागतं. ओक्लाहोमातल्या 'गॅमी' कंपनीचं 'जी१००यूएल' हे इंधन झायलीनसारख्या अॅरोमॅटिक रसायनांवर भर देतं. सप्टेंबर २०२२ मध्ये एफएएने त्याला प्रमाणित विमानांमध्ये आणि इंजिनांमध्ये वापरण्याची व्यापक मंजुरी दिली. दुसरं इंधन 'स्विफ्ट १००आर'. त्याला २०२४ मध्ये सुरुवातीची मंजुरी मिळाली ती सेस्ना १७२ च्या काही ठरावीक मॉडेलपुरती. तिसरं 'यूएल१००ई' वेगळ्या मार्गाने चाचण्यांतून पुढे सरकत आलं.

२०२४ च्या अखेरीस रीड-हिलव्ह्यू आणि वॉटसनविल या विमानतळांवर जी१००यूएल प्रत्यक्ष विक्रीला आलं. लवकरच काही मालकांकडून तक्रारी येऊ लागल्या: रंग उतरला, डाग पडले, टाकीचं सीलंट मऊ पडलं, पंखातून गळती सुरू झाली. वॉटसनविलने पुढे विक्री थांबवली. त्याआधीच, जून २०२४ मध्ये, विमान उत्पादक 'सिरस'ने आपल्या विमानांत हे इंधन वापरायला मान्यता नसल्याचं पत्रक काढलं होतं. त्यात टाकीच्या सीलंटविषयीची चिंता होती.

गॅमीचं म्हणणं असं की, इंधनात दोष नाही. जुनं, आधीच कमकुवत झालेलं सीलंट कधीतरी गळणारच होतं. टीका करणारे विचारतात, तीच टाकी १०० एलएलवर गळत नव्हती, मग आता का गळते? यातलं कोण पूर्ण बरोबर, याचा निवाडा इथे करायचा नाही. पण दोन्ही बाजू एका गोष्टीवर नकळत एकमत दाखवतात: सीलंटचं वय, प्रकार आणि ते लावण्याचा दर्जा यावर बरंच काही अवलंबून आहे.

यामागचं साधं विज्ञान असं. अॅरोमॅटिक रसायनं रबरासारख्या पदार्थात शिरतात आणि त्याला फुगवतात. ओ-रिंग थोडी फुगली तर झाकण उलट घट्ट बसतं. पण नंतर कमी अॅरोमॅटिक असलेलं इंधन भरलं की तीच रिंग आकसते आणि गळू लागते. म्हणजे धोका नव्या इंधनात जेवढा आहे, तेवढाच इंधन आलटून पालटून वापरण्यातही आहे. त्यात भर म्हणजे जी१००यूएल आणि १००आर ही दोन्ही इंधनं १०० एलएलमध्ये मिसळता येतात, पण एकमेकांत मिसळायला मंजुरी नाही. एका विमानतळावर एक आणि पुढच्या विमानतळावर दुसरं मिळालं, तर वैमानिकाने करायचं काय?

आणि हो, जी१००यूएलचा रंग निळा नाही, पिवळसर तांबूस आहे. निळा डाग बघून गळती ओळखायची सवय असलेल्या डोळ्यांना आता नव्याने शिकावं लागणार.

घरी बांधलेल्या विमानालाच जास्त काळजी का?

प्रमाणित विमानात नवं इंधन भरायचं तर त्यासाठी मंजुरीचा कागद लागतो. एक्सपेरिमेंटल विमानाला तसा कागद लागत नाही. मालकाने ठरवलं की झालं. अनेकांना हे स्वातंत्र्य वाटतं आणि ते आहेच. पण त्याची दुसरी बाजू अशी की, चाचणी करण्याची जबाबदारीही त्याच मालकावर येऊन पडते.

आता कल्पना करा, २००२ साली कुणीतरी आरव्ही बांधलं. सीलंट कोणत्या कंपनीचं होतं? मुदत संपलेला डबा तर वापरला नव्हता ना? एका कोपऱ्यात गळती सापडली म्हणून वरून आणखी काही लावलं का? अनेक जुन्या विमानांत तर टाकीत पातळ सीलर ओतून, टाकी हलवून, आतून सगळीकडे त्याचा थर देण्याची पद्धत होती. काही वर्षांनी हा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि इंधनाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की इंजिन बंद. नवं इंधन आत गेल्यावर असा थर कसा वागेल, हे कोणत्याही प्रयोगशाळेचा अहवाल सांगणार नाही. कारण तुमच्या टाकीत नेमकं काय आहे, हे त्या प्रयोगशाळेलाही माहीत नसतं.

बांधणारा स्वतः उडवत असेल तर निदान आठवण तरी असते. विमान विकलं गेलं की तीही जाते. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या सुरक्षिततेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी विमानांच्या ताफ्यात यांचं प्रमाण सुमारे १० टक्के, पण २०११ मधल्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. त्या वर्षी तपासलेल्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमानं वापरलेली, म्हणजे दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. मंडळाने केलेल्या शिफारशींमध्ये एक नेमकी आपल्या विषयाची होती: विमानाला प्रमाणपत्र देण्याआधी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी ठरवून दिलेल्या पद्धतीने करून घ्या आणि तिचा अहवाल मागा.

दुसऱ्याने बांधलेल्या इंधनव्यवस्थेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गायक जॉन डेन्व्हर यांचं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्यालगत त्यांचं लाँग-ईझी समुद्रात कोसळलं. विमान दुसऱ्याने बांधलेलं होतं आणि त्यांनी ते नुकतंच घेतलं होतं. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याचा व्हॉल्व्ह मूळ आराखड्यातल्या जागी नव्हता, तर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता. त्याच्यावर खुणा नव्हत्या. इंधन दाखवणाऱ्या काचनळ्यांवरही आकडे नव्हते. उड्डाणाआधी त्यांनी इंधन भरलं नव्हतं. तो दांडा फिरवण्यासाठी मागे वळताना पायाने रडर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. व्हॉल्व्ह तिथे बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णयही अपघाताच्या कारणांत नोंदवला गेला.

इथे टाकी फुटली नव्हती, गळलीही नव्हती. तरी धडा तोच आहे. बांधणाऱ्याच्या डोक्यात जे होतं, ते उडवणाऱ्याच्या हाताला माहीत नव्हतं.

मग देखभाल म्हणजे नेमकं काय करायचं?

सुरुवात रोजच्या सवयींपासून. उड्डाणाआधी टाकीच्या सगळ्यात खालच्या ठिकाणच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून थोडं पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढायचं. पाणी जड असल्याने तळाला बुडबुड्यासारखं दिसतं. कचरा, पापुद्रे, काळे कण दिसले तर ते पुसून टाकून पुढे जायचं नाही. ते कुठून आले, हे शोधायचं. पाणी बहुतेक वेळा झाकणातून शिरतं. झाकणाची ओ-रिंग काही रुपयांची वस्तू, पण कडक झालेली ओ-रिंग पावसात उभ्या विमानाच्या टाकीत पाणी सोडते.

दुसरी जागा व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीची. पेट्रोल बाहेर जाईल तशी हवा आत यायलाच हवी. ही नळी कुंभारमाशीला घरटं करायला फार आवडते. मातीचा एक गोळा पुरतो. मग टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल येणं कमी होतं आणि इंजिन नेमकं जास्त पेट्रोल मागतं तेव्हा, म्हणजे उड्डाण घेताना, गचके खायला लागतं.

वर्षातून एकदा फिल्टर आणि जाळ्या उघडून बघायच्या. होजला बाहेरून भेगा दिसत नसल्या तरी आतून थर सुटू शकतो, म्हणून वयानुसार बदलायच्या. रोटॅक्स इंजिनांसाठी रबरी होजची मुदत पाच वर्षांची आहे. टाकीच्या आतली पेट्रोल ओढणारी नळी आणि तिची जोडणी घट्ट आहे का, हेही बघावं लागतं. ती ढिली झाली तर टाकीत पेट्रोल असूनही नळी हवाच ओढते.

इंधन पुरेसं येतं का, याची चाचणी सोपी आणि महत्त्वाची आहे. इंजिनापाशी नळी सोडवून, विमान चढताना असतं तसं नाक वर करून, ठरावीक वेळात किती पेट्रोल येतं ते मोजायचं. पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने येत असेल तर इंजिनाच्या कमाल गरजेच्या १५० टक्के आणि पंपाने येत असेल तर १२५ टक्के यायला हवं. हा आकडा प्रमाणित विमानांच्या नियमांतला आहे, पण घरी बांधलेल्या विमानालाही तोच लावण्यात शहाणपण आहे. ही चाचणी एकदा बांधताना करून विसरायची नसते. फिल्टर, पंप, होज किंवा इंधन बदललं की पुन्हा करायची.

इंधनाचा काटाही पुन्हा जुळवावा लागू शकतो. कपॅसिटिव्ह प्रकारचा सेन्सर इंधनाच्या विद्युत गुणधर्मावरून पातळी ओळखतो. इंधन बदललं की तो चुकीचं सांगू शकतो.

गळती सापडली तर ती किती आहे, हे आधी ठरवायचं. नुसता डाग, हळू पाझर, जोराचा पाझर आणि धार अशा चार पायऱ्या धरतात. पंखाच्या उघड्या पृष्ठभागावरचा डाग लक्ष ठेवून काही दिवस चालवून घेता येतो. पण पेट्रोल जर बंदिस्त जागेत, वायरिंगजवळ किंवा कॉकपिटमध्ये जात असेल, तर डाग असो की धार, विमान जमिनीवरच राहायला हवं. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात तो रेघेबाहेर गेला की उत्तर मिळालं.

टाकीची दाबचाचणी करताना कॉम्प्रेसर जोडण्याचा मोह टाळा. या टाक्या फार कमी दाबाला केलेल्या असतात. १ पीएसआय, म्हणजे पाण्याच्या सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा दाब पुरे. त्याहून जास्त दाबाने पत्रा फुगतो आणि चांगले सांधेही उघडतात. बरेच जण व्हेंटला साधा फुगा लावतात. मग सांध्यांवर साबणाचं पाणी. फुगा सकाळी लहान दिसला म्हणून घाबरू नका, रात्रीच्या गारव्यानेही हवा आकसते. बुडबुडे कुठे येतात, ते बघा.

नवं इंधन भरण्याआधी

ज्यांना शिसेमुक्त इंधनाकडे जायचं आहे, त्यांच्यासाठी एक घरगुती पण उपयोगी चाचणी आहे. आपल्याच विमानात वापरलेल्या सीलंटचा पक्का झालेला तुकडा, जुनी ओ-रिंग, होजचा तुकडा आणि रंगवलेला पत्रा असे नमुने घ्या. प्रत्येकाचे दोन संच करा. एक जुन्या इंधनात, एक नव्या इंधनात, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत ठेवा. राहत्या घरात नको, सावलीच्या आणि मोकळ्या जागी. काही आठवडे दर आठवड्याला माप घ्या, नख रोवून बघा, फोटो काढा.

या चाचणीची मर्यादाही समजून घ्या. ताजं सीलंट आणि वीस वर्षं भिजलेलं सीलंट एकसारखं वागत नाही. म्हणून पहिल्यांदा नवं इंधन एकाच टाकीत भरावं, दुसरीत जुनं राहू द्यावं, आणि सुरुवातीचे काही तास विमानतळाच्या आसपासच, जुन्या इंधनावर उड्डाण आणि उतरणं ठेवून उडावं. एका टाकीने दगा दिला तरी दुसरी हाताशी असते. टाकी हा एकटाच प्रश्न नाही, हेही विसरू नये. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या प्रशिक्षण विमानांत ९४ ऑक्टेनचं शिसेमुक्त इंधन सुरू केलं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी झिजत असल्याचं दिसल्यावर काही महिन्यांत ते थांबवलं. त्यांना ते वेळेत कळलं, कारण ते नियमित मोजमाप करत होते.

टाकी उघडताना: रिकामी टाकी जास्त घातक

ही गोष्ट उलटी वाटते, पण खरी आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असते, तेव्हा ती ठिणगीने पेटते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला हवाच पुरत नाही. टाकी रिकामी करून झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत गॅरेजच्या दुसऱ्या टोकाच्या बॉयलरपर्यंत जाऊ शकते.

म्हणून टाकी उघड्यावर रिकामी करायची. विमान, डबा आणि नरसाळं तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडायचं, कारण वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज तयार होते. प्लॅस्टिकचं नरसाळं आणि प्लॅस्टिकचा डबा ही जोडी टाळायची. फायबरग्लासच्या विमानात वीज वाहून जायला धातू नसतो, तिथे टाकीच्या तोंडाची धातूची कडी जोडलेली आहे ना, हे बघायचं. आणि वाफ ओढून काढायला घरचा व्हॅक्युम क्लीनर कधीही लावू नका. त्याच्या मोटरची ठिणगी पुरेशी असते. वेल्डिंगची टाकी असेल तर ती व्यावसायिक पद्धतीने वाफमुक्त केल्याशिवाय तिच्याजवळ ज्योत नेऊ नका.

आपल्याकडे काय?

भारतात घरी विमान बांधणारे मोजकेच, पण महाराष्ट्राला एक नाव लगेच आठवेल: कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईकरांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. विमान बांधण्याइतकीच ती नोंदणी मिळवण्याची लढाईही लांबली. आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा या परवानगीपाशीच थांबते. परवानगीनंतर वीस वर्षं त्या टाकीकडे कोण बघणार, हा प्रश्न आपण अजून विचारायला घेतलेला नाही.

इंधनाच्या बाबतीत आपली गाडी वेगळ्या रुळावर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार होणारं स्वदेशी १०० एलएल बाजारात आणलं. तोवर ते आयात होत असे. प्रशिक्षण संस्थांसाठी ही सोय झाली, पण हे इंधनही शिसंवालंच आहे. म्हणजे जग ज्यातून बाहेर पडतंय, त्यात आपण नुकतेच स्वावलंबी झालो.

दुसरीकडे, मोटारीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या विमानांसमोर इथेनॉलचा प्रश्न आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. हलक्या आणि घरी बांधलेल्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ मालिकेची मर्यादा १० टक्के आहे. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं आणि टाकीचं तोंड तर तळाशीच असतं. काही जुन्या रेझिनना आणि रबराला ते मऊ करतं. त्यामुळे 'शेजारच्या पंपावरून कॅन भरून आणला' ही सवय आता परवडणारी नाही.

शेवटी प्रश्न वहीचा

मोठ्या विमानांच्या टाक्यांबाबत जग एका भीषण धड्यातून शिकलं. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० या बोइंगच्या मधल्या टाकीतली वाफ पेटली आणि २३० माणसं गेली. त्यानंतर नियम बदलले, टाकीत नायट्रोजन सोडण्याची व्यवस्था आली. तिथे नियम करणारी यंत्रणा होती, उत्पादक होते, पैसा होता.

घरी बांधलेल्या विमानामागे एक माणूस असतो आणि फार तर त्याची एक वही. सीलंटचं नाव, बॅच, तारीख, कोणता सांधा दोनदा भरला, कोणती होज कधी बदलली, कोणतं इंधन कधीपासून भरलं, डाग कुठे होता आणि किती वाढला. इंधन बदलण्याच्या या काळात नव्या मालकाला, तपासणी करणाऱ्याला आणि इंधन बनवणाऱ्यालाही याच माहितीची गरज पडणार आहे. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

शिसं जायलाच हवं आणि ते जाईल. तुमच्याकडे असं विमान असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर इंजिनाचे तास विचारण्याआधी टाकीची वही मागा. वही नसेल, तर टाकी उघडून बघेपर्यंत 'आत काय आहे ते माहीत नाही' असंच धरून चाला. आणि आजपासून ती वही तुम्ही सुरू करा.